पदवीचे मोल

नेकनूरसारख्या बाजाराच्या गावातील मुलगा महाविद्यालयात नाव घालतो, तेव्हा घरची मंडळी एकच प्रश्न विचारतात : पदवीनंतर नोकरी लागेल काय? प्रश्न रास्त आहे; परंतु अपुरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्यार्थिदशा पाहिली म्हणजे हे अपुरेपण ध्यानात येते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे बेताचेच. परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार आणि तेथेच अभ्यास. वडील सुभेदार रामजी रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासासाठी उठवीत. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण खुंटण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा २५ रुपये दिले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके व कपडे पुरविले. तेथीलच उपाहारगृहाच्या चालकाने मात्र चहा-पाणी नाकारले. १९१२ साली ते बी. ए. झाले.

नोकरीही मिळाली. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास रुजू झाले; परंतु थोड्याच दिवसांत वडील निवर्तले. पदवीचे मोल नोकरीपुरतेच मानले असते, तर कथा तेथेच संपती. त्याच वर्षी ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. बेताच्या गुणांचा विद्यार्थी देशाच्या चलनव्यवस्थेची चिकित्सा करू लागला होता.

निजामी अमदानीत मराठवाड्यातील मुलांना पदवीसाठी मुख्यतः हैदराबाद गाठावे लागे आणि तेथे उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. ही अडचण ओळखून बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. मिलिंद महाविद्यालय ते हेच. ज्यांच्या घरात शिकलेले कोणी नाही, अशा कितीतरी मुलांनी तेथे प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढली.

पदवीची ही तीन वर्षे विद्यार्थ्याला मिळतात ती पुष्कळांच्या कष्टांवर व पैशांवर. ती केवळ प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका पाठ करण्यात घालविणे हा त्या सर्वांशी व्यवहार चुकविणे होय. मात्र समाजाचीही एक बाजू आहे. त्या २५ रुपयांचे महत्त्व ते वेळेवर मिळण्यात होते. आज खोलीचे भाडे थकल्यामुळे पहिल्याच सत्रात एखादा विद्यार्थी गावी परतला, तर नंतर मंजूर झालेली शिष्यवृत्ती त्याच्या काय कामाची?