विष्णुपंत छत्रे : कसब आणि कदर

जादूगार, गारुडी, डोंबारी, कोल्हाटी, चाबुकस्वार ही सारी मंडळी प्रेक्षकांच्या टाळ्यांवर पोट भरतात; परंतु आपल्या कसबाचा निवाडा मात्र त्यांना बरोबरीच्या कसबी माणसाकडूनच हवा असतो. जादूगाराची हातचलाखी मुद्दाम झाकलेली असते, तर कसरतपटूचे कष्ट सफाईखाली झाकले जातात. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला फक्त खेळ दिसतो. त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत ओळखण्यास त्याच वाटेने गेलेला डोळा लागतो. अशा मान्यतेचे मोल जाणणारा आणि ती इतरांस मोकळ्या हाताने देणारा एकोणिसाव्या शतकातील एक मराठी कलावंत म्हणजे भारतीय सर्कशीचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

विष्णुपंतांचा जन्म 1840 साली सांगलीजवळील अंकलखोप येथे झाला. पुस्तकी विद्येपेक्षा गाणे आणि घोडे यांकडे त्यांचा ओढा अधिक. ख्याल शिकू इच्छिणाऱ्या दक्षिणेतील तरुणास त्या काळी ग्वाल्हेरची वाट धरावी लागे. विष्णुपंतांनीही ती धरली आणि हद्दू खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. शिंद्यांच्या या राजधानीत घोड्यांची विद्याही नांदत होती. तेथेच अश्वशिक्षणात ते तयार झाले. वरवर पाहता या दोन विद्यांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि दोहोंचा पाया लय हाच आहे. घोड्याच्या चालीतील ठेका ज्याच्या अंगात भिनला नाही त्यास त्याच्या पाठीवर उभे राहता येत नाही, आणि लयीचे अंग नसलेल्यास ख्याल गाता येत नाही.

ग्वाल्हेरहून परतल्यावर कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कुरुंदवाड संस्थानात पटवर्धनांच्या पागेचे काम त्यांच्याकडे आले. याच सुमारास, म्हणजे 1880 च्या आसपास, ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. तिचा खेळ पाहून विष्णुपंत भारावले. हिंदी लोकांना अशी सर्कस उभारण्यास अद्याप पुष्कळ वर्षे लागतील, असे किआरिनीने बोलून दाखविले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान मानले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. तिच्या तपशिलांत फरक आढळतो. पण तिचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. येथे हिणविणारा आणि आव्हान स्वीकारणारा दोघेही एकाच विद्येतले होते. अजाण माणसाच्या उपहासाने विष्णुपंत कदाचित विचलित झालेही नसते. जाणत्याच्या शब्दास मात्र कृतीने उत्तर देणे त्यांना भाग पडले. 1880 सालीच त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा प्रारंभ झाला.

हे उत्तर किती अवघड होते हे सर्कशीची बांधणी पाहिल्यास कळते. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्ट्ली या घोडेस्वाराने गोल रिंगणाची पद्धत रूढ केली, आणि त्या रिंगणाचा व्यास पुढे 42 फूट असा ठरून गेला. घोडा वर्तुळात एकसारख्या गतीने दौडत राहिला की स्वारास आतल्या बाजूस झुकून त्याच्या पाठीवर तोल सांभाळता येतो. घोड्याची गती क्षणभर चुकली तरी स्वार खाली येतो. तेव्हा प्रेक्षकांचे डोळे स्वारावर खिळलेले असले तरी खेळाचा निम्मा भार घोडा शिकविणाऱ्यावर असतो. विष्णुपंत मुळात हे शिकविणारे होते. दोरीवरून चालणे, कोलांट्या, वेळूवरच्या कसरती या गोष्टी डोंबारी-कोल्हाट्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होत्याच. नवे होते ते रिंगण, शिकविलेली जनावरे, तंबू, तिकीट आणि ठरावीक क्रमाने चालणारा खेळ यांची एकत्र बांधणी. जनकत्वाचा मान विष्णुपंतांना देताना ज्यांच्या अंगच्या कसबास असा मान कधीच मिळाला नाही, त्या भटक्या जमातींचे विस्मरण होऊ देणे योग्य नव्हे. ब्राह्मण घरातील पुरुषाने हा व्यवसाय पत्करल्याने त्यास प्रतिष्ठा लाभली खरी. परंतु विद्या त्याआधीही प्रतिष्ठेच्या योग्यतेचीच होती.

सर्कस देशभर फिरली, सिलोन व आग्नेय आशियापर्यंत गेली. या भ्रमंतीतील सर्वांत फलदायी मुक्काम मलबारातील तलश्शेरीचा ठरला. 1887-88 च्या सुमारास तेथे विष्णुपंतांची कीलेरी कुंञिक्कण्णन यांच्याशी गाठ पडली. कुंञिक्कण्णन हे कळरी व व्यायामविद्येचे शिक्षक. एकाकडे घोडा व रिंगण यांचे ज्ञान, दुसऱ्याकडे लवचीक शरीर घडविण्याचे शास्त्र. भाषा भिन्न असूनही एका वस्तादाने दुसऱ्या वस्तादास ओळखले. कुंञिक्कण्णन यांनी सर्कशीसाठी मुले तयार करण्याचे मनावर घेतले, 1901 साली स्वतंत्र शाळा काढली, आणि 1904 मध्ये त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी स्वतःची सर्कस उभारली. पुढे भारतीय सर्कशीचे माहेरघर म्हणून केरळ ओळखला जाऊ लागला, त्याचे एक मूळ या भेटीत आहे.

विष्णुपंतांच्या गुणग्राहकतेची खरी कसोटी मात्र सर्कशीबाहेर लागली. गुरू हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे विलक्षण प्रतिभेचे गायक. पण वडील आणि वडीलबंधू यांच्या मृत्यूनंतर त्यांचे मन भ्रमिष्ट झाले, अफूने शरीर ग्रासले, आणि बनारसमध्ये ते निराधार अवस्थेत दिवस कंठू लागले. विष्णुपंतांनी त्यांस आपल्याकडे आणले, सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांची गाणी करविली. गायकाचे अन्नपाणी, अफूची मात्रा, लहर या सर्वांचा भार त्यांनी वाहिला. यात गुरुऋणाची जाणीव होती, तशीच पारखही होती. भ्रमिष्टपणाच्या आवरणाखाली गळ्यातील सूर शाबूत आहे, हे हद्दू खाँच्या तालमीत बसलेल्या कानासच कळू शकले.

1905 साली विष्णुपंत निवर्तले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कस आणि रहिमत खाँ या दोहोंचीही जबाबदारी उचलली. रहिमत खाँ 1922 मध्ये कुरुंदवाड येथे वारले. तत्पूर्वी त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, आणि त्यांच्या स्वरलगावाचा खोल ठसा अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर उमटला होता. अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्यापासून सवाई गंधर्व, आणि पुढे गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी अशी जी परंपरा कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवर बहरली, तिच्या उगमाशी एका सर्कसवाल्याने वेळीच दिलेला आधार आहे.

ग्रेट इंडियन सर्कशीचा तंबू केव्हाच उठला. रिंगणातील कसब करणाऱ्याच्या देहाबरोबर नाहीसे होते. त्याची ना पोथी उरते, ना बंदिश. विष्णुपंत स्वतः कसे गात, घोड्यावर कसे उभे राहत, हे आज कोणासही अनुभवता येणार नाही. उरले आहे ते त्यांनी ज्यांची कदर केली त्यांचे कार्य: तलश्शेरीच्या शाळेतून निघालेली कसरतपटूंची परंपरा आणि रहिमत खाँचा मुद्रिकांत टिकून राहिलेला सूर. किआरिनीला दिलेल्या प्रत्युत्तराने विष्णुपंतांना कीर्ती लाभली. त्यांची थोरवी मात्र दुसऱ्याच्या अंगचा गुण ओळखून त्याचा भार उचलण्यात होती.