बाटलीवरची आजीबाई

रिकामी बाटली म्हटली की आपल्याला भंगारवाला आठवतो. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकातील औषधांच्या बाटल्या जमविणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे हौशी लोक आहेत. जुन्या घरांमागचे उकिरडे व बुजलेले शौचखड्डे उकरून ते या बाटल्या मिळवतात. मातीत कागदी चिठ्ठी कुजते, पण काचेत उठविलेली अक्षरे टिकतात. साच्याची रेघ मानेपर्यंतच असेल तर बाटलीचे तोंड हाताने घडविलेले. ती थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. अशा संग्रहांत नेहमी आढळणारे एक नाव म्हणजे लिडिया पिंकहॅम.

लिडियाबाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १८१९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी झाला. बारा भावंडांत त्या दहाव्या. घर क्वेकर पंथाचे आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. गुलामीतून निसटलेले थोर नेते फ्रेडरिक डग्लस यांच्याशी त्यांचा स्नेह होता. काही काळ त्यांनी शिक्षिकेचे काम केले. १८४३ साली आयझॅक पिंकहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी डॉक्टर बहुतेक पुरुषच. त्यांच्यापुढे आपली दुखणी सांगायला बायका लाजत आणि ती अंगावर काढत. लिडियाबाई घरच्या चुलीवर मुळ्यांचा काढा करून शेजारणींना फुकट देत. त्या काढ्यात चक्क आपली मेथीही होती!

१८७३ च्या आर्थिक अरिष्टात आयझॅक यांचे जमिनीचे व्यवहार बुडाले. घर चालेना, तेव्हा १८७५ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, बाईंनी काढा विकायला काढला. मुलांनी गावोगाव पत्रके वाटली. बाटलीची किंमत एक डॉलर. अशा औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत, पण बहुतेकांना पेटंट नसेच, कारण त्यासाठी कृती उघड करावी लागे. पिंकहॅम कुटुंबानेही १८७६ साली नोंदविली ती चिठ्ठी. १८७९ पासून जाहिरातींत बाईंचा शांत, आजीसारखा चेहरा झळकू लागला आणि खप झपाट्याने वाढला.

पण सुख लाभले नाही. डॅनियल व विल्यम हे दोन कर्ते मुलगे १८८१ साली क्षयाने गेले. १७ मे १८८३ रोजी बाईही निवर्तल्या.

त्या गेल्या, जाहिरातीतला चेहरा मात्र राहिला. दुखण्याविषयी मिसेस पिंकहॅमना लिहा, असे आवाहन चालूच होते. बायका मोकळेपणाने लिहीत. उत्तरे कंपनीतल्या कारकून स्त्रिया देत. अखेर १९०५ साली एडवर्ड बॉक या संपादकांनी आपल्या मासिकात बाईंच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. १९०६ च्या कायद्याने औषधातील मद्यार्काचे प्रमाण चिठ्ठीवर लिहिणे भाग पडले. दारूबंदीचा पुरस्कार करणाऱ्या बाईंच्या काढ्यात तो शेकडा अठराच्या आसपास होता!

मग लिडियाबाईंना भोंदू म्हणावे काय? त्यांच्या औषधाने सारे स्त्रीरोग बरे होतात, हा दावा खोटाच होता. मेलेल्या बाईच्या नावाने विश्वास विकणे हेही वाईटच. परंतु त्यांच्या पत्रकांनी बायकांना स्वतःच्या शरीराविषयी साध्या भाषेत सांगितले, हेही खरे. लोकांनी विश्वास ठेवला तो काढ्यावर की ऐकून घेणाऱ्या कुणावर?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. तिने त्यांना निम्मेच दुखणे सांगितले. उरलेले परतताना एस.टी.त, माझ्या कानाशी. मी तिला पुन्हा घेऊन गेले आणि या वेळी शेजारी बसून सगळे बोलायला लावले.

लिडियाबाईंच्या बाटल्या आता रिकाम्या आहेत. त्यांतला काढा कुणाला हवासा वाटणार नाही; पण त्या ज्या मुकेपणामुळे खपल्या, तो मुकेपणा अजून आपल्या घराघरांत आहे. तो गेला पाहिजे.