‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

विद्यार्थिमित्रहो, गुप्त खजिने, चांचे लोक व अद्भुत प्रवास यांच्या कादंबऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांस प्रिय आहेत. आणि त्या आपल्या हातीं दिसल्या कीं पुष्कळ घरीं वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात, हेंही तितकेंच खरें. ह्या दोन्ही पक्षांनीं ज्याचें चरित्र अवश्य वाचावें, असा ग्रंथकार म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा होय.

त्याचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं ता. १३ नोव्हेंबर १८५० रोजीं झाला. त्याचें घराणें दीपगृहें बांधणाऱ्या इंजिनियरांचें. आजोबा रॉबर्ट यांनीं भर समुद्रांत बेल रॉक नांवाच्या खडकावर दीपगृह उभारलें होतें, व वडील टॉमस हेही त्याच धंद्यांत नांवाजलेले होते. एकुलता एक मुलगा तोच धंदा पुढें चालवील, अशी वडिलांस आशा होती. परंतु मुलाची छाती लहानपणापासून नाजूक. खोकल्यामुळें तो कित्येक रात्री जागून काढी. अशा वेळीं ॲलिसन कनिंगहॅम नांवाची त्याची दाई उशाशीं बसून त्यास बायबलांतील व स्कॉटलंडच्या धर्मवीरांच्या कथा ऐकवी. शरीर अंथरुणास खिळलें, तरी मन त्या कथांबरोबर दूरदूर हिंडूं लागलें. पुढें १८८५ सालीं त्यानें आपला बालगीतांचा संग्रह ह्याच दाईस अर्पण केला.

१८७१ सालीं त्यानें इंजिनियरिंगचा अभ्यास सोडला व लेखक होण्याचा मनोदय वडिलांस सांगितला. वडिलांस फार वाईट वाटलें. लेखणीवर पोट कसें भरणार, ही त्यांची काळजी अगदींच अनाठायीं नव्हती. अखेर मुलानें निदान कायद्याचा अभ्यास तरी करावा, असें ठरलें. १८७५ सालीं तो वकील झाला. पण वकिली त्यानें जवळजवळ केलीच नाहीं. धर्मविषयक मतभेदामुळेंही बापलेकांत कांहीं काळ दुरावा आला होता.

१८८० सालीं त्याचा विवाह फॅनी ऑसबोर्न ह्या अमेरिकन बाईशीं झाला. पहिल्या विवाहापासून तिला लॉइड नांवाचा मुलगा होता. १८८१ च्या उन्हाळ्यांत हें कुटुंब स्कॉटलंडमधील ब्रेमार गांवीं राहिलें असतां पाऊस उघडेना. तेरा वर्षांचा लॉइड घरांत कोंडला गेला. त्याच्या करमणुकीच्या भरांत एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला. आणि त्यांतील खाड्या, टेकड्या व खजिन्याची खूण पाहतां पाहतां स्टीव्हन्सनला एक गोष्ट सुचली. तो रोज एक प्रकरण लिही व घरांतील मंडळींस वाचून दाखवी. मौज अशी कीं, ज्यांस मुलाचें लेखक होणें पसंत नव्हतें, ते वृद्ध टॉमसही श्रोत्यांत बसून रंगून गेले. गोष्टींतील खलाशाच्या पेटींत कोणत्या वस्तु निघाव्या, याची यादी त्यांनीं स्वतः करून दिली! पंधरा प्रकरणें झाल्यावर लेखणी अडली. पण प्रकृतीसाठीं स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें गेला असतां त्यानें गोष्ट पुरी केली. प्रथम ती मुलांच्या एका साप्ताहिकांत टोपणनांवानें आली, व १८८३ सालीं पुस्तकरूपानें निघून लोकप्रिय झाली.

हें पुस्तक म्हणजे नुसती मारामारी नव्हे. एकपायी आचारी लाँग जॉन सिल्व्हर मोठा गोडबोल्या. जिम हॉकिन्स ह्या मुलाचा त्याजवर विश्वास बसतो. पण सफरचंदांच्या पिंपांत बसला असतां जिमच्या कानीं त्याच माणसाचा दुष्ट कट पडतो, आणि माणसाची पारख बोलण्यावरून करूं नये, हा धडा जिमबरोबर वाचकही शिकतो. मधल्या इयत्तांनीं हें पुस्तक आधीं वाचावें. त्यानंतर ‘किडनॅप्ड’, त्यांत कपटी चुलत्यानें जहाजावर पळवून लावलेल्या डेव्हिडची कथा आहे. वरच्या वर्गांनीं ‘डॉक्टर जेकिल व मिस्टर हाइड’ वाचावें. एकाच मनुष्याच्या ठायीं नांदणाऱ्या चांगल्या व वाईट प्रवृत्तींचें रहस्य त्यांत उलगडलें आहे. हीं दोन्ही पुस्तकें १८८६ सालचीं.

आरोग्याच्या शोधांत १८८८ सालीं तो पॅसिफिक महासागरांत गेला व १८९० पासून सामोआ बेटावर राहिला. तेथील लोक त्यास तुसिताला, म्हणजे कथाकार, म्हणत. १८९३ च्या युद्धानंतर कैदेंत पडलेल्या तेथील सरदारांस त्यानें साह्य केलें. सुटका झाल्यावर त्या सरदारांनीं कृतज्ञतेनें त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. ता. ३ डिसेंबर १८९४ रोजीं, अवघ्या ४४ व्या वर्षीं, तो मरण पावला. सामोअन लोकांनीं रान तोडून वाट केली व त्याचा देह वाएआ पर्वताच्या माथ्यावर नेऊन पुरला.

पालकहो, मुलाच्या हातीं गोष्टीचें पुस्तक दिसलें तर तें हिसकावून घेण्यापूर्वीं वृद्ध टॉमस यांचें स्मरण करावें. घटकाभर मुलाजवळ बसून एक प्रकरण वाचावयास सांगावें. पुस्तक बरें कीं वाईट, हें तेव्हां आपोआप कळेल. आणि बरें असेल, तर त्या घटकेंत मुलगा व आपण पुष्कळ जवळ येऊं.