खताचा की जमिनीचा? रोनाल्ड फिशर यांनी सोडवलेला पेच

रोनाल्ड फिशर यांचा जन्म १८९० चा, लंडनचा. नजर अधू, त्यामुळे गणितं कागदाऐवजी मनातच सोडवायची सवय लागली. १९१९ मध्ये ते रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले.

तिथला पेच असा: खत घातलेल्या तुकड्यात पीक जास्त आलं, तर ते खतामुळे की जमीनच कसदार म्हणून? फिशर यांनी शेताचे गट पाडले. प्रत्येक गटात खत कुठे घालायचं ते नशिबावर सोडलं आणि तुलना गटाच्या आतच केली.

आजचं फिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल याच विचाराने चालतं. त्यातला सहगुणक दोन गावांमधला फरक सांगत नाही. त्याच गावात खत एक किलोने वाढलं, तेव्हा पीक सरासरी किती बदललं, हे तो सांगतो. जमिनीचा कस बदलत नाही, म्हणून तो आपोआप वजा होतो. मात्र त्याच वर्षी गावात पाटाचं पाणीही आलं असेल आणि ते हिशोबात धरलं नसेल, तर त्याचं श्रेय खताला जातं.

लपलेल्या कारणाचा हाच संशय फिशर यांना नडलाही. सिगारेट आणि कर्करोग या दोन्हींमागे जन्मजात घटक असेल, असं ते म्हणत राहिले. १९६२ मध्ये ॲडलेडला त्यांचं निधन झालं. सिगारेटबाबत पुरावे त्यांच्या विरोधात गेले. शेतातली पद्धत मात्र टिकली.