राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या डुलक्या आणि घोरण्यावरचे माउथपीस

घोरणाऱ्याला गाढ झोप लागते, असे आपल्याकडे सर्रास समजतात. तुमच्या घरात कुणी रात्री घोरत असेल आणि दिवसा जेवताना, बोलताना डुलक्या घेत असेल, तर विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्याविषयी वाचा.

टाफ्ट यांचा जन्म १८५७ चा, सिनसिनाटी शहरातला. न्यायाधीश, फिलिपिन्सचे गव्हर्नर, युद्धमंत्री अशी पदे सांभाळून १९०९ मध्ये ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा वजन दीडशे किलोच्या आसपास होते. रात्री जोरात घोरणे आणि दिवसा कुठेही झोप: पाहुण्यांसमोर, पत्ते खेळताना, मोटारीत, अगदी अंत्यविधीच्या प्रार्थनेतसुद्धा. सोबतचे लष्करी अधिकारी आर्ची बट मुद्दाम मोठ्याने खोकून त्यांना जागे करत. लोकांनी त्यांच्या देहाची खूप चेष्टा केली. या झोपेला आळस म्हणणे मात्र चुकीचे ठरेल.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद होतो. ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच चालले, तर दिवसा झोप येणारच. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. टाफ्ट यांच्या काळी या आजाराला नावच नव्हते. त्यांच्याबाबतचे निदान पुढे डॉक्टरांनी जुन्या नोंदी वाचून केले.

त्याच सुमारास, १९०२ मध्ये, पॅरिसचे पिएर रोबँ यांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे 'मोनोब्लॉक' हे उपकरण तयार केले होते. लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास अडतो, हे त्यांनी १९२३ मध्ये मांडले. आजचे माउथपीस याच तत्त्वावर चालते. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे एकमेकांना जोडलेले असतात. दंतवैद्य खालचा साचा काही मिलिमीटर, तोही हळूहळू, पुढे सरकवतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि घसा उघडा राहतो.

टाफ्ट आज माझ्याकडे आले असते, तर मी त्यांना आधी स्लीप स्टडी करायला सांगितले असते. एवढे वजन आणि एवढी झोप म्हणजे आजार तीव्र असण्याचीच शक्यता जास्त; तिथे पहिला उपाय सीपॅप मशीन. माउथपीस चांगले लागू पडते ते नुसते घोरणे, सौम्य किंवा मध्यम अ‍ॅप्निया असेल तेव्हा, किंवा मशीन अजिबात सहन होत नसेल तेव्हा. त्यासाठी दात पुरेसे आणि मजबूत हवेत. पूर्ण कवळी असेल तर हे साचे सहसा टिकत नाहीत. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो. वर्षानुवर्षे वापरल्यावर दातांची ठेवण थोडी बदलू शकते.

ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावायचे साचे परस्पर आणू नका. आवाज थांबला म्हणजे श्वास अडायचा थांबला असे नाही. घरच्यांना शांत झोप मिळते आणि आजार आत तसाच राहतो. दंतवैद्याने बसवलेले माउथपीसही तोंडात ठेवून पुन्हा स्लीप स्टडी करावी लागते. गाडी चालवताना झोप येत असेल, तर उपचार लागू पडेपर्यंत चावी दुसऱ्याकडे द्या.

टाफ्ट यांच्या हाती फक्त वजन होते. १९०५ मध्ये डॉ. यॉर्क-डेव्हिस या इंग्लिश डॉक्टरांकडून पत्राने आहार मागवून त्यांनी ते उतरवले होते, पण पुढे परत चढले. १९१३ मध्ये पद सुटल्यावर वर्षभरात त्यांनी सुमारे तीस किलो कमी केले आणि दिवसाची झोप जवळजवळ गेली. १९२१ मध्ये ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदे भूषवणारे ते एकमेव. जवळपास नऊ वर्षे त्यांनी न्यायालयाचे काम पाहिले आणि मार्च १९३० मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.