सुट्टीच्या दिवसांची किंमत : धावपटू एमिल झाटोपेक



तालुकास्तरीय स्पर्धा जवळ आल्या की आपली सगळ्यांचीच घाई सुरू होते. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीला मी महिनाभर रोज पळवलं, रविवारसुद्धा सोडला नाही. शेवटच्या आठवड्यात तिची नडगी दुखू लागली, तेही मी मनावर घेतलं नाही. स्पर्धेच्या दिवशी ती अर्ध्या फेरीतच खाली बसली. चूक तिची नव्हती, माझी होती. म्हणून आज एमिल झाटोपेक यांच्याविषयी लिहितोय.

एमिल यांचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकियातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करायचे, घरची परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षी एमिल झ्लिन शहरातल्या बाटाच्या बूट कारखान्यात कामाला लागले. १९४१ मध्ये कारखान्याने त्यांना एका शर्यतीत उतरवलं. त्यांची अजिबात इच्छा नव्हती, पण सुमारे शंभर जणांत ते दुसरे आले आणि तिथून पळण्याची गोडीच लागली.

पुढे ते सैन्यात गेले. जड बूट घालून पळायचे, बर्फातही पळायचे. ४०० मीटर जोरात, मग थोडं हळू, पुन्हा ४०० मीटर जोरात, असं एकाच दिवसात कितीतरी वेळा करायचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरमध्ये सुवर्ण आणि ५,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळालं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, जास्त पळणं हेच त्यांचं गुपित!

पण १९५० साली वेगळंच घडलं. ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेआधी त्यांना अन्नातून विषबाधा झाली. जवळपास दोन आठवडे दवाखान्यात पडून राहावं लागलं. सराव पूर्ण बंद. स्पर्धेच्या अगदी तोंडावर ते बाहेर आले आणि १०,००० मीटरची शर्यत जवळजवळ एका फेरीच्या फरकाने जिंकले! ५,००० मीटरमध्येही दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल २३ सेकंद पुढे राहिले.

हे कसं झालं? कष्ट तर वर्षानुवर्षांचे होतेच, नुसतं झोपून कुणी जिंकत नाही. पण पळताना स्नायूंची बारीक बारीक झीज होते आणि ती भरून निघते विश्रांतीत व झोपेत. शरीर बळकट होतं ते त्या वेळात. एमिल यांना तो वेळ आजारपणामुळे मिळाला. सक्तीच्या विश्रांतीचा असा फायदा दिसला की जाणकार आजही त्यांचं नाव घेतात.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं पटकावली. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, ते याच ऑलिंपिकमध्ये.

१९५६ मध्ये मात्र उलटं झालं. पत्नी डाना यांना खांद्यावर घेऊन पळण्याचा सराव करताना त्यांना हर्निया झाला, असं सांगतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दोन महिने पळायला मनाई केली होती. एमिल यांनी ऐकलं नाही, लवकरच पळू लागले. मेलबर्नच्या मॅरेथॉनमध्ये ते सहावे आले. पुढे लवकरच ते स्पर्धांमधून निवृत्त झाले. २००० साली प्राग शहरात त्यांचं निधन झालं.

इतक्या कणखर माणसाच्या शरीरालाही विश्रांती लागली, मग आपल्या दहा वर्षांच्या लेकरांना लागणार नाही का? नव्याने पळायला लागलेल्या मोठ्यांनाही हेच लागू आहे. यंदा मी वेळापत्रक बदललंय. एक दिवस पळायचं, दुसऱ्या दिवशी लंगडी किंवा हलका खेळ आणि रविवारी पूर्ण सुट्टी. सकाळी पाय दुखतोय असं मूल म्हणालं, तर त्या दिवशी पळणं बंद. अंतरही हळूहळूच वाढवायचं.

ती मुलगी आता सहावीत आहे आणि पुन्हा पळते आहे. पालकहो, रविवारी तुमचं मूल घरी लोळताना दिसलं तर त्याला रागावू नका. त्याचा सराव चालूच आहे!