विश्वकिरणांचे अभ्यासक डॉ. होमी भाभा

जालन्याच्या ज्वारीच्या शेतांवर काय किंवा मुंबईच्या सागरावर काय, आकाशातून अतिसूक्ष्म कणांची वृष्टी रात्रंदिवस होत असते. अंतराळातून येणारे विश्वकिरण हे तिचे कारण होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वृष्टीचे कोडे उलगडणाऱ्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा हे अग्रगण्य होत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली भाभा इंग्लंडात केंब्रिज येथे गेले. परंतु त्यांचे मन गणितात व पदार्थविज्ञानात रमू लागले. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळविल्यास गणित शिकण्यास वडिलांनी अनुमती दिली. १९३० साली भाभांनी ती अट पूर्ण केली आणि मगच आपल्या आवडीची वाट धरली.

१९३२ साली अमेरिकेत अँडरसन यांना विश्वकिरणांत एक नवा कण आढळला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच; विद्युद्भार मात्र ऋण नसून धन. हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, म्हणजेच पॉझिट्रॉन. हे दोन कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी मांडले. त्या क्रियेला आजही त्यांचेच नाव आहे. पुढे १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी कणवृष्टीचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतून जाताना प्रखर किरण बाहेर टाकतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन ही जोडी जन्मते. तीही पुन्हा किरण टाकते. अशा रीतीने एकाचे अनेक कण होतात.

१९३९ साली भाभा सुट्टीत मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट खुंटली. तेव्हा बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाची शाखा उभारली आणि विमानातून उपकरणे उंच नेऊन मोजमाप केले. युद्ध संपल्यावर परदेशी जाणे त्यांना सहज शक्य होते; परंतु देशातच संशोधक घडविण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेने पुढे हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून विश्वकिरणांचा अभ्यास चालविला.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात झालेल्या विमान अपघातात भाभांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. त्यांनी लावलेल्या ज्ञानवृक्षाची छाया मात्र आजही भारतातील तरुण संशोधकांना लाभत आहे.